लोकेशन पाठवले, पुढे काय?

ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात लाल टाचणीचा नकाशा आला नाही असा व्हॉट्सॲप गट बडोद्यात शोधून सापडला नसता. जन्माष्टमीच्या सुमारास कोसळलेला पाऊस, आजव्याकडून आलेले पाणी आणि २५ फुटांची धोक्याची खूण मागे टाकून ३७ फुटांच्या घरात पोहोचलेली विश्वामित्री. सखल भागांत काही ठिकाणी दहा-बारा फूट पाणी होते. वीज गेलेली, दूध नाही, प्यायचे पाणी नाही. एनडीआरएफ, एसडीआरएफ आणि सैन्याच्या तुकड्या होड्या घेऊन फिरत होत्या. बडोद्याकडून खेळणारी क्रिकेटपटू राधा यादव हिनेही आपल्याला बाहेर काढणाऱ्या एनडीआरएफचे आभार इन्स्टाग्रामवर मानले, ते अनेकांनी पाहिले असेल.

गटांवर येणारे निरोप साधारण एकाच साच्याचे होते: तळमजल्यावर आजी-आजोबा अडकले आहेत, इन्सुलिन संपत आले आहे, लहान मूल आहे, कृपया पुढे पाठवा. खाली लोकेशन. आपण ते पुढे पाठवले. ज्यांना मिळाले त्यांनीही पुढे पाठवले. दुसऱ्या दिवशी तोच निरोप तिसऱ्याच गटावरून परत आपल्याकडे आला, आणि ती माणसे सुटली की नाही हे पाठवणाऱ्यालाही सांगता येत नव्हते, आपल्यालाही नाही.

त्यानंतर, २०२५ च्या उन्हाळ्यात, महापालिकेने विश्वामित्रीचा गाळ काढण्याचे आणि पात्र रुंद करण्याचे काम शंभर दिवसांच्या मुदतीत हाती घेतले. नदीचे जे व्हायचे ते होईल, तो विषय वेगळा. आज बोलायचे आहे ते त्या लाल टाचणीबद्दल. आपल्या मंडळातल्या तरुण मंडळींचा आग्रह आहे की रक्तदान, पूरमदत, वृद्धांची विचारपूस ही सगळी कामे आता 'लोकेशन'वर आधारून समाजमाध्यमांतून करावीत. देशभरातल्या सेवाभावी संस्था तेच करतात. आग्रह योग्य आहे असे आम्हाला वाटते. मात्र या संस्थांनी नेमके काय केले, कशाचा उपयोग झाला आणि कशाचा नुसता गाजावाजा, हे आधी पाहिले पाहिजे.

या प्रकाराची सुरुवात अमेरिकेत झाली. २००९ साली फोरस्क्वेअर नावाचे ॲप आले. कॉफीच्या दुकानात गेलात की फोनवर 'चेक-इन' करायचे, म्हणजे मी इथे आहे असे मित्रांना कळवायचे. दुकानदारांनी त्यावर सवलती दिल्या आणि धर्मादाय संस्थांच्याही डोक्यात कल्पना आली. २०१० मध्ये अर्थजस्टिस या पर्यावरणाचे खटले लढणाऱ्या संस्थेने सॅन फ्रान्सिस्कोच्या लोकल रेल्वेत जाहिराती लावल्या: या जाहिरातीपाशी चेक-इन करा, प्रत्येक चेक-इनमागे एक देणगीदार आम्हाला दहा डॉलर देईल. प्रवाशाचा खर्च शून्य, कष्ट एका बोटाचे. कल्पना चतुर होती आणि तिचे कौतुकही झाले. पण चेक-इनची ही लाट ओसरली. फोरस्क्वेअरच्या स्पर्धेतले गोवाला २०१२ मध्ये बंद पडले. फोरस्क्वेअरचे मूळ शहर-मार्गदर्शक ॲपही डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाले.

चेक-इन म्हणजे काय हे आपल्याला गणेशोत्सवात दिसतेच. दांडिया बाजारापासून प्रतापनगरपर्यंत मंडपामंडपांत जाऊन लोक फोटो काढतात, जागेचे नाव लावून स्टोरी टाकतात. मंडळाचे नाव होते, वर्गणीच्या क्यूआर कोडवर चार जास्तीचे पैसे येतात. यात वाईट काही नाही. पण यातून मंडळाला एवढेच कळते की कोण येऊन गेले. रात्री दोन वाजता बी निगेटिव्ह रक्त लागले तर त्यांतला कोण येईल, हे त्या स्टोरीत नसते. पाठीराखा कुठे आहे हे कळणे आणि गरज कुठे आहे हे कळणे, यांत फार अंतर आहे, आणि पहिल्या पिढीच्या मोहिमा पहिल्याच गोष्टीवर खूश राहिल्या.

उलट बाजूचे एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलेच आहे. आमिर खान आणि किरण राव यांच्या पानी फाउंडेशनने २०१६ मध्ये वॉटर कप स्पर्धा सुरू केली तेव्हा तालुके फक्त तीन होते: वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव. २०१८ पर्यंत ते ७५ झाले. गावकरी श्रमदान करत होतेच. शहरातल्या माणसालाही त्यात हात लावायचा होता. संस्थेने 'जलमित्र' म्हणून इंटरनेटवर नोंदणी सुरू केली आणि १ मे रोजी, महाराष्ट्र दिनी, महाश्रमदान ठेवले. नोंदणी करणाऱ्याला लाइक मिळाले नाही, गाव मिळाले. अमुक तालुका, अमुक गाव, अमुक दिवशी पहाटे, फावडे-घमेले तिथे आहे, चर खणायचा आहे. पुण्या-मुंबईची हजारो माणसे त्या दिवशी उन्हात गेली. कितीजण पुन्हा गेले हा प्रश्न विचारता येईल, आणि एका सकाळच्या श्रमदानाने किती माती हलते हाही. तरी एक गोष्ट मान्य करावी लागते. त्या जागेवर वाट पाहणारे कोणीतरी होते. प्रशिक्षण घेतलेले गावकरी, आखलेली रेघ, ठरलेले काम. शहरातला माणूस नकाशावरच्या ठिपक्यापाशी पोहोचला तेव्हा तो ठिपका रिकामा नव्हता.

याच कसोटीवर बडोद्यातले दोन प्रकार घासून पाहू. पहिला उत्तरायणाचा. १४-१५ जानेवारीला आपण सगळे गच्चीवर असतो आणि मांज्याने कापलेली कबुतरे, घारी, क्रौंच आणि बगळे खाली पडत असतात. गुजरात सरकार २०१७ पासून दर जानेवारीत, साधारण १० ते २० तारखेदरम्यान, करुणा अभियान चालवते. वनखाते, पशुवैद्य आणि पक्षीप्रेमी संस्था एकत्र येतात, आणि व्हॉट्सॲपवर निरोप पाठवला की जवळच्या उपचार केंद्रांची माहिती मिळते. इथे लोकेशनची दिशा पाहा. आपण कुठे आहोत हे जगाला सांगायचे नाही. जखमी पक्षी घेऊन कुठे जायचे हे आपल्याला कळते. खोक्यात भोके पाडून पक्षी ठेवायचा, पाणी पाजायचा आगाऊपणा करायचा नाही, आणि सरळ केंद्र गाठायचे. केंद्रात माणूस बसलेला असतो. दहा दिवसांनी अभियान संपते, यादी शिळी होण्याआधीच.

दुसरा प्रकार मगरींचा. हा बहुधा फक्त बडोद्याचाच. शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्रीत सुमारे ४४० मगरी असल्याचे सांगतात. २०२४ च्या पुरात २७ ते २९ ऑगस्ट या तीन दिवसांत वनखाते आणि स्वयंसेवकांनी २४ मगरी वस्त्यांतून पकडून नेल्या. मगर अंगणात आली की बडोदेकर काय करतो? फोन करतो, फोटो पाठवतो, लोकेशन पाठवतो. ते लोकेशन पन्नास गटांत फिरत नाही, कारण फिरवून उपयोग नसतो; मगर पकडता येणारी माणसे मोजकीच आहेत आणि त्यांचे क्रमांक लोकांना ठाऊक आहेत. पुढचा संवाद छोटा असतो. निघालो, पोहोचलो, पकडली. एवढ्या धोक्याचे काम इतक्या कमी गोंगाटात होते याचे बाहेरच्या माणसाला नवल वाटेल, पण कारण साधे आहे. निरोप कोणाला द्यायचा हे ठरलेले आहे आणि काम झाले की निरोप तिथेच संपतो.

निरोप संपवणे ही गोष्ट आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि मोठ्या आपत्तींत तिथेच घोटाळा झालेला दिसतो. डिसेंबर २०१५ च्या चेन्नईच्या पुरात ओपनस्ट्रीटमॅप वापरून तंत्रज्ञांनी एक नकाशा उभा केला, ज्यावर लोक आपापल्या पाण्याखालच्या गल्ल्या स्वतः रंगवू शकत होते. दोन हजारांहून अधिक रस्ते रंगवले गेले. काम खरोखर उपयोगी होते. पण असा नकाशा वाचताना एक भान ठेवावे लागते: जी गल्ली रंगवलेली नाही ती कोरडीच आहे असे नाही. कदाचित तिथे कोणाचा फोन चालू नव्हता. कदाचित तिथे कोणाकडे तसला फोनच नव्हता. बडोद्यातही नदीकाठच्या झोपड्यांतून किती टाचण्या आल्या आणि अपार्टमेंटमधून किती, याचा विचार प्रत्येकाने मनाशी करावा. मदत नकाशाच्या मागे गेली तर ती आधी त्यांच्याकडे जाते ज्यांना मागता येते. २००१ च्या कच्छच्या भूकंपात नकाशे नव्हते, तरी हेच झाले होते. डांबरी रस्त्याला लागून असलेल्या गावांपाशी ट्रकांची रांग, जुन्या कपड्यांचे ढीग, आणि आतल्या गावांत वाट पाहणे. फोनने ही जुनी खोड मोडलेली नाही. काही वेळा वाढवली आहे.

ऑगस्ट २०१८ मध्ये केरळने एक पाऊल पुढे टाकले. सरकारी आयटी यंत्रणा आणि स्वयंसेवक तंत्रज्ञांनी मिळून केरळ रेस्क्यू हे संकेतस्थळ उभे केले. कोण, कुठे, किती माणसे, काय हवे, अशी एकच यादी. तिच्यामागे दुसरे स्वयंसेवक बसले होते, ज्यांचे काम फक्त फोन करणे होते: तुम्ही अजून तिथेच आहात का? सुटका झाली का? अनेक ठिकाणी उत्तर मिळाले की झाली, कालच. म्हणजे ती नोंद काढली नसती तर होडी रिकाम्या घराकडे गेली असती आणि दुसरे कोणी छपरावर बसून राहिले असते. आणि होड्या कोणाच्या? किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या. साडेचार हजारांच्या आसपास मच्छीमार सहाशेहून अधिक होड्या ट्रकांवर चढवून आत आले, आणि हजारो लोकांना त्यांनी बाहेर काढले. प्रशंसा संकेतस्थळाची झाली, मच्छीमारांचीही झाली. पण या दोघांच्या मधोमध बसून फोन करणाऱ्या मुलामुलींची आठवण कमी लोकांनी ठेवली. आमच्या मते जोड त्यांनी साधली.

तीच कडी एप्रिल-मे २०२१ मध्ये तुटलेली दिसली. ट्विटरवर शहराचे नाव आणि 'ऑक्सिजन', 'बेड', 'व्हेरिफाइड' हे शब्द टाकून लोक शोध घेत होते. 'व्हेरिफाइड' हा शब्द तेव्हा इतका स्वस्त झाला की सकाळी सात वाजता खात्री केलेला बेड अकरा वाजेपर्यंत भरलेला असे आणि संदेश मात्र संध्याकाळपर्यंत फिरत राही. नागरिकांच्या या हाका दडपू नका, तसे केल्यास न्यायालयाचा अवमान समजू, असे ३० एप्रिल २०२१ रोजी न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने सरकारांना बजावले, ते योग्यच होते. पण हाक ऐकू येणे आणि खाट मिळणे वेगळे. मुंबई महापालिकेने त्याच काळात २४ वॉर्डांसाठी २४ वॉर रूम चालवल्या, ज्यात तुमच्या वॉर्डातलाच माणूस फोन उचलत होता आणि त्याच्यासमोर त्या वॉर्डाची परिस्थिती होती. त्यातही तक्रारी होत्याच. तरी लोकेशनचा हा सर्वांत जुना, सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत उपयोगी प्रकार: वॉर्ड.

रक्तदानाकडे वळतो, कारण आपल्या मंडळाशी त्याचा थेट संबंध आहे. फेसबुकने १ ऑक्टोबर २०१७ पासून, म्हणजे राष्ट्रीय ऐच्छिक रक्तदान दिनाचा मुहूर्त साधून, भारतात रक्तदाता म्हणून नोंद करण्याची सोय दिली. जवळ गरज असली की नोंद केलेल्यांना सूचना जाते. चांगली सोय आहे. पण सयाजी हॉस्पिटलमध्ये एका रुग्णासाठी 'तातडीने ओ पॉझिटिव्ह' असा निरोप फिरला आणि पंचवीस जण धावत गेले, तर काय होते? लागते दोन-तीन पिशव्यांचे रक्त. बाकीच्यांनीही त्याच दिवशी दिले, तर तांबड्या पेशी फार तर ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स पाचच दिवस. आणि त्या पंचवीस जणांपैकी पुरुषांना पुढचे तीन महिने, स्त्रियांना चार महिने रक्त देता येत नाही. आठवड्याने डेंग्यूच्या रुग्णासाठी पुन्हा निरोप फिरतो तेव्हा जवळचे सगळे दाते संपलेले असतात. म्हणून दाता किती मीटरवर राहतो यापेक्षा त्याने शेवटचे रक्त कोणत्या तारखेला दिले हे जास्त मोलाचे आहे. ही तारीख कुठल्याही नकाशावर दिसत नाही. ती वहीत लिहावी लागते. रक्तपेढ्यांतला साठा पाहायचा तर सरकारचे ई-रक्तकोश हे संकेतस्थळ आहे, ते आधी पाहावे आणि मग गटावर हाक द्यावी. एवढे केले तरी निम्मा गोंधळ टळेल.

आता पत्त्याची गोष्ट, आणि इथे थोडे विषयांतर माफ करावे. ज्या पिनकोडने आपण पत्ता लिहितो तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला आणि त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले मराठी अधिकारी, शिवाय संस्कृतचे कवी. एकाच नावाची अनेक गावे, वेगवेगळ्या भाषांतले पत्ते, अशा गोंधळावर त्यांनी सहा आकड्यांचा तोडगा काढला. पहिले तीन आकडे ३९० म्हणजे बडोदा. ३९०००४ म्हणजे आपले प्रतापनगर. पत्राला एवढे पुरते, कारण पुढे पोस्टमन असतो. होडीला पुरत नाही.

मे २०२५ मध्ये टपाल खात्याने डिजिपिन आणला. देशाची चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनांत विभागणी करून प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-अंकांचा संकेत दिला आहे. एकदा आपल्या घराचा संकेत काढून दाराच्या आत लिहून ठेवला की पुढे इंटरनेट नसले तरी तो फोनवर बोलून सांगता येतो, साध्या एसएमएसने पाठवता येतो. पुराच्या वेळी हे फार महत्त्वाचे, कारण व्हॉट्सॲपची टाचणी पाठवायला डेटा लागतो. तसेच 'लाइव्ह लोकेशन' चालू ठेवले की बॅटरी भराभर उतरते. वीज गेली असेल तर लाइव्ह नको, एकदाच ठरावीक जागा पाठवा आणि फोन जपा.

पण डिजिपिन असो की गूगलचा नकाशा, दोन गोष्टी त्यांना सांगता येत नाहीत. एक म्हणजे मजला. तळमजल्यावरची आजी आणि चौथ्या मजल्यावरचे कुटुंब नकाशावर एकाच ठिपक्यात असतात, आणि पुरात दोघांची निकड जमीन-अस्मानाइतकी वेगळी. दुसरी म्हणजे दार. जुन्या पोळीत, चिकटून बांधलेल्या घरांत जीपीएस दहा-वीस मीटर इकडे-तिकडे होतो. टाचणी मागच्या खडकीत पडते आणि शोधणारा भलत्याच ओटल्यावर उभा राहतो. प्रतापनगरात पत्ता सांगताना आपण अजूनही 'पुलाच्या अलीकडे की पलीकडे', 'रेल्वे यार्डाच्या भिंतीकडून' असे सांगतो. हसण्यासारखे वाटले तरी संकटात तीच भाषा कामाला येते. घराची किल्ली कोणत्या शेजाऱ्याकडे आहे, हे तर फक्त शेजाऱ्यालाच माहीत असते.

याला दुसरी बाजू आहे आणि ती तरुण सभासदांनी जरूर ऐकावी. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची नावे, पत्ते, मजले आणि आजार यांची यादी ही मदत करणाऱ्यासाठी जितकी सोयीची तितकीच चोरासाठी. २०२१ मध्ये प्लाझ्मा किंवा ऑक्सिजनसाठी आपला नंबर जाहीर करणाऱ्या काही महिलांना पुढे अश्लील फोन आणि फोटो आले, हे वृत्तपत्रांत छापून आले होते. तेव्हा मदत मागताना रुग्णाच्या घरातल्या मुलीचा नंबर जाहीर गटावर टाकू नये, तो मंडळाच्या एका ठरलेल्या क्रमांकावर द्यावा. गणपतीला सगळे कुटुंब पुण्याला निघाल्याची स्टोरी विमानतळाच्या लोकेशनसकट टाकणे, हेही बंद दाराचे आमंत्रणच. शिवाय २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेले त्याचे नियम पाहता, माहिती कशासाठी घेतो हे स्पष्ट सांगून संमती घेणे आणि काम संपल्यावर ती पुसून टाकणे, हे आता केवळ सौजन्य राहिलेले नाही.

परदेशी असलेल्या आपल्या मुलाबाळांचाही यात वाटा आहे. पुराच्या बातम्या आल्या की न्यू जर्सीहून, सिडनीहून पहिला प्रश्न येतो: पैसे कुठे पाठवू? मन मोठे आहे, पण कायदा आड येतो तो समजून घ्यावा. मुलाकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल आणि त्याने रीतसर बँकेमार्फत पैसे दिले तर ती साधी देणगी धरली जाते. त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले असेल, मग ओसीआय कार्ड असले तरी, ते विदेशी योगदान होते. त्यासाठी संस्थेकडे एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते. नोंदणी नसलेल्या छोट्या मंडळाने गटावर सरसकट क्यूआर कोड टाकून जगभरातून पैसे मागितले तर चांगल्या हेतूने अडचणीत सापडण्याचा रस्ता मोकळा होतो. माणूस कुठे बसला आहे यापेक्षा तो कुठल्या देशाचा नागरिक आहे, हे कायदा पाहतो.

पण त्यांना देता येण्याजोगी एक गोष्ट पैशांपेक्षा मोलाची आहे. आपल्याकडे मध्यरात्र असते तेव्हा न्यू जर्सीत दुपार असते, वीज असते, नेट असते. केरळात त्या मुलामुलींनी केलेले फोनचे काम, म्हणजे यादीतल्या प्रत्येकाला विचारणे की अजून तिथेच आहात का, औषध पोहोचले का, आणि झालेल्या नोंदी खोडणे, हे तिकडून उत्तम होईल. इथला स्वयंसेवक पाण्यात असताना त्याने फोनवर डोके खुपसून बसणे बरे नव्हे. आणि ज्या लेकीला आपल्या आईचा फोन लागत नाही, तिला नुसते हतबल बसण्यापेक्षा दुसऱ्या कोणाच्या आईला फोन करता आला तर तिचाही जीव थोडा थाऱ्यावर येईल.

यावरून आम्ही कार्यकारिणीपुढे ठेवू इच्छितो ते असे. मंडळाने स्वतःचे ॲप काढू नये. ते सांभाळायला आपल्याकडे माणूस नाही आणि वर्षभरात ते ओस पडेल. इन्स्टाग्रामचे पान तरुणांनी जरूर चालवावे, रक्तदान शिबिराची, करुणा अभियानाची माहिती तिथे द्यावी, जागेची खूण लावावी. संकटासाठी मात्र वही हवी. प्रत्येक गल्लीसाठी, सोसायटीसाठी दोन माणसे नेमायची, शक्यतो एक तरुण आणि एक दुपारी घरी असणारे. ज्यांची इच्छा असेल त्यांनीच नाव द्यायचे: घराची खूण, मजला, डिजिपिन, किल्ली कोणाकडे, आणि रोज लागणारे औषध किंवा उपकरण. रक्तगट आणि शेवटच्या रक्तदानाची तारीख वेगळ्या पानावर. वही त्या दोघांकडेच राहील, गटावर तिचा फोटो जाणार नाही. दरवर्षी गुढीपाडव्याला ती पुन्हा विचारून लिहायची, म्हणजे घर बदललेले, परगावी गेलेले, निवर्तलेले यांची नावे राहणार नाहीत आणि पावसाळ्याला दोन-अडीच महिने उरतील.

आणि गटासाठी एकच नियम. मदतीचा निरोप टाकणाऱ्याने वेळ लिहायची, आणि मदत मिळाली की तोच निरोप निवडून 'झाले' लिहायचे. ज्या निरोपाला वेळ नाही तो पुढे पाठवायचा नाही, तो कितीही काकुळतीचा असला तरी.

याला विरोधही होईल. काही ज्येष्ठ सभासदांना आपण एकटे राहतो हे लिहून देणे कमीपणाचे वाटते. आमचे आम्ही पाहू, असे ते म्हणतील. त्यांच्यावर जबरदस्ती नको. पण त्यांच्या शेजाऱ्याचे नाव वहीत असू द्यावे. आपल्या वस्तीत मराठी घरांच्या मधोमध गुजराती, सिंधी, उत्तर भारतीय घरे आहेत, आणि पाणी शिरताना ते सभासदत्वाची पावती विचारत नाही. तेव्हा वही गल्लीची असावी, फक्त मंडळाची नको. दुसरा प्रश्न रेल्वे वसाहतीतल्या कुटुंबांचा. बदल्यांमुळे तिथली घरे सतत बदलतात, वर्षातून एकदा लिहिलेली वही तिथे पुरणार नाही. त्यासाठी काय करावे हे तिथल्या सभासदांनीच सुचवावे. गल्लीनिहाय नावे देण्यासाठी मंडळाच्या कार्यालयात संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत वही ठेवलेली असेल.